जगदीशकाकांचा कान

आमच्या अभ्यासिकेत फोन आत नेता येत नाही, एवढं ऐकूनच निम्मी मुलं जिना उतरतात. उरलेली जगदीशकाकांना शिव्या देत आत येतात. मीही पहिले चार महिने दिल्या, मनातल्या मनात, पण अगदी ठेवणीतल्या. त्याच माणसाबद्दल आज लिहायला बसले आहे, कारण त्यांचे आभार मानायचे राहून गेलेत. तोंडावर मानायला गेलं की ते "चल, कामाला लाग" म्हणून हाकलतात.

चिंचपोकळीला बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर ही अभ्यासिका आहे. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून कुणाची लाइन चालू, कुणाची बंद, हे तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी अभ्यासिका सांभाळायला घेतली आणि दाराशी साठ खणांचं लाकडी कपाट करून घेतलं. प्रत्येकाने आपला फोन व्हायब्रेटवर ठेवून आपल्या खणात टाकायचा. काका शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसत. कुठला खण घरघरला की मान वर न करता म्हणत, "सतरा नंबर. आई असणार, जेवायची वेळ झाली." लागोपाठ दोनदा फोन आला तर चिठ्ठी लिहून टेबलावर आणून ठेवत. इतकी वर्षं झाली, पण घरून निरोप आला आणि मुलाला कळला नाही, असं एकदाही झालेलं नाही.

माझा खण एकतीस. त्यात मी रोज आईचा जुना फोन टाकायचे, जो धुण्याच्या बादलीत पडून कधीच कामातून गेला होता. खरा फोन कुर्त्याच्या खिशात. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होते. पहिल्या वेळी आपटले होते, पण ते फक्त घरी आणि एका मैत्रिणीला माहीत होतं. बाहेर मी वेगळीच होते. इन्स्टावर माझं 'अभ्यासाचं' अकाउंट होतं: रंगीत पेनांनी सजवलेल्या नोट्स, पुस्तकाशेजारी टायमर, "आज अकरा तास झाले, तुमचे किती?" मला चार हजार माणसं फॉलो करत होती. अकरा तासांतले सात त्या फोटोंचा उजेड जमवण्यात आणि कुणी काय लिहिलं ते बघण्यात जायचे, हे त्यांना कोण सांगणार?

लाइक कमी पडले की दर मिनिटाला उघडून बघायचे. तासाभरात फोटो काढून टाकायचे. दुसऱ्या मुलींचे चौदा-चौदा तास बघून छाती धडधडायची, झोप उडाली होती, नखं कुरतडून बोटं सोललेली. हे सगळं अभ्यासाच्या टेन्शनचं आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि स्वतःलाही.

त्या काळात काकांनी एक नवीनच खूळ काढलं. पाच वाजले की माझ्या टेबलाशी येऊन उभे. "संघमित्रा, चल खाली, चहा घेऊ." साठ मुलं सोडून मलाच का? कधी म्हणत, "भायखळ्याला भाजी आणायला जातोय, येतेस? तेवढेच पाय मोकळे होतील." कधी त्यांच्या बायकोने, कमलाकाकूंनी, डब्यात घातलेली सुक्या बोंबलाची चटणी माझ्यापुढे सरकवत. मी तोंडदेखलं हसायचे. म्हातारा डोक्यात जायचा. चहाच्या त्या पंधरा मिनिटांत किती कमेंट आल्या असतील, यातच माझा जीव टांगलेला असायचा.

मग मार्चमध्ये श्रेयाने माझा गेल्या वर्षीचा निकाल त्या अकाउंटला टॅग करून टाकला. श्रेया म्हणजे कॉलेजातली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचा नंबर पहिल्याच वर्षी लागला होता. वर लिहिलं होतं, "ही शिकवणार अभ्यास कसा करायचा!" पुढचं सांगायला नको. चार हजारांतल्या निम्म्यांना जणू तेवढंच हवं होतं.

तीन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. आईला म्हटलं, डोकं दुखतंय. भिंतीकडे तोंड करून वाचत राहायचे, नवीन काय आलं, अजून काय आलं. मी नसते तर बरं झालं असतं, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला आणि गेला नाही. आला होता, हे खरं आहे.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला दारात काका उभे. कुरकुरत्या गुडघ्यांनी चार मजले चढून आलेले. हातात रुमालात गुंडाळलेला आईचा तो बंद फोन.

"जय भीम, वहिनी," ते आईला म्हणाले. "पोरगी फोन विसरून गेली. तीन दिवस खणातच आहे."

आईने तो ओळखला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. काका दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

"रागावू नका, पण एक बोलतो. माझा जन्म लाइनी ऐकण्यात गेला. चार महिन्यांत हिचा फोन एकदा पण वाजला नाही. एकदा पण नाही! बाकीच्या पोरांचे दिवसभर घुमत असतात. एवढ्या तरण्या पोरीला कोणीच फोन करत नाही? मला बरं वाटंना. म्हणून आपलं चहाला वगैरे न्यायचो हिला. आता तीन दिवस आली नाही. म्हटलं, फोन तर काय हिला लागायचा नाही, आपणच जाऊ."

मला रडू फुटलं. मध्येच हसूही आलं, आणि ते जास्त वाईट होतं. मी सांगून टाकलं, "काका, तो बिघडलेला आहे. तुम्हाला फसवायला ठेवत होते. खरा माझ्याकडेच असतो."

काकांनी तो फोन उलटासुलटा करून पाहिला, बटण दाबलं. कान लाल झाले त्यांचे. चौतीस वर्षं लाइनी ऐकलेल्या माणसाला चार महिने बनवलं होतं मी. वाटलं, आता झापणार, किंवा सरळ उठून जाणार.

"म्हणजे मी येडा," ते म्हणाले. मग फोन परत रुमालात ठेवून विचारलं, "मग खऱ्यावर येतात ना गं फोन?"

मी तोऱ्यात उशाखालचा फोन काढला. सहाशे नोटिफिकेशन होती, त्यांना दाखवायलाच निघाले होते. पण ते विचारत होते फोनबद्दल, म्हणून कॉलची यादी उघडली. कुरिअरवाला. क्लासची आठवण करून देणारं मशीन. आई. आई. परत कुरिअरवाला. मी बोटाने खाली जात राहिले. मैत्रिणीचा शेवटचा फोन दिवाळीचा होता.

"नाही येत," मी म्हटलं.

"मग माझं काय चुकलं होतं?" काका म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते.

पुढे पालिकेच्या इस्पितळात मानसोपचाराच्या ओपीडीत सहा महिने गेले. पहिल्या दिवशी आईसोबत काकाही रांगेत बसले होते. ते अकाउंट लगेच बंद झालं नाही, दोनदा बंद करून पुन्हा उघडलं, मग सुटलं. मेडिकल नाही झालं. मी फार्मसी केली, आता शिवडीला औषधांच्या गोदामात नोकरी करते आणि बरी आहे. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण डॉक्टरांपर्यंत पोचायला आधी कुणाला तरी सांगावं लागतं, आणि माझ्या बाबतीत तो 'कुणीतरी' स्वतःच्या पायांनी चालत आला, तेही चुकीचा अंदाज बांधून. हे ऋण मी कसं फेडणार? फेडायचं नाहीच आहे मला. असू दे डोक्यावर.

त्या दिवशी मात्र मी नुसती बोलले. श्रेया, निकाल, खोटे तास, आणि भिंतीकडे तोंड करून केलेला तो विचारसुद्धा. तो ऐकताना आई खाली बसली आणि तिने माझा पाय घट्ट धरला. आतल्या गॅसवर भात लागल्याचा वास आला, मग करपल्याचा. तिघांनाही येत होता. माझं बोलून होईपर्यंत कुणीही उठलं नाही. मग आईने पानं घेतली आणि जगदीशकाकांनी तो करपलेला भात दोनदा मागून घेतला.