पत्रिकेच्या तळाची ओळ

लग्नपत्रिकेचा मजकूर हाती आला की छापखान्याचे मालक भाऊ वधूवरांची नावे आधी पाहत नसत. त्यांची लाल पेन्सिल थेट तळाशी उतरे. ‘नजरचुकीने कोणास निमंत्रण पाठवण्याचे राहून गेल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ तुम्ही-आम्ही शेकडो पत्रिकांवर पाहिलेली ही ओळ ते एका रेघेत खोडत.

“भाऊ, सगळेच टाकतात ना ते,” गिऱ्हाईक कुरकुरे.

“टाकू दे. नजर नाई चुकत बाप्पा, मानूस चुकवते. ज्याले बलवाचं त्याच्या घरी जा, चहा पे, हातात पत्रिका दे.”

काही जण उठून शेजारच्या प्रेसमध्ये जात. भाऊ त्यांना जाऊ देत.

अकोल्यातल्या त्यांच्या लहानशा छापखान्यात मी सात वर्षे प्रुफे तपासली. शाई, रॉकेल आणि नुकत्या कापलेल्या कागदाचा कोरडा, गोडसर वास अजूनही माझ्या ओढणीला येतो असे वाटते. लोकांची माफी मागताना भाऊंना संकोच नसे. एकदा माझ्या हातून नवरदेवाच्या मामांचे आडनाव चुकले. भाऊ स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. “चूक आमची. संध्याकाळपर्यंत नव्या छापून देतो.” हात जोडलेले, आवाज स्वच्छ. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत.

एक माफी मात्र त्यांनी मागितली नव्हती. एका हिवाळ्यात कुणीतरी संत्री आणली आणि साल फुटताच सारी प्रेस दरवळली. भाऊंनी आपल्या वाट्याचे संत्रे माझ्या टेबलावर ठेवले.

“खा मॅडम. मले नाई जात.”

मग प्रुफावरची नजर न उचलता त्यांनी सांगितले. मोर्शीला त्यांची थोरली बहीण होती. तिला ते ‘बाई’ म्हणत. दर थंडीत तिच्या बागेतली एक पेटी येई. आईच्या तेरवीला दोघांत शब्दाने शब्द वाढला. पुढच्याच वर्षी भाऊंच्या मुलीचे लग्न होते. निमंत्रकांच्या यादीतून त्यांनी बाईंचे नाव गाळले, त्यांना पत्रिका धाडली नाही आणि तळाशी ती ओळ स्वतःच्या हाताने जुळवली. बाईंनी ती पत्रिका शेजारणीच्या घरी वाचली. त्यानंतर पेटी आली नाही.

“मग जाऊन बोला ना, भाऊ.”

“काय बोलू? लोकाईले म्हनतो तसं ‘चूक झाली’ म्हनू? झाली नोती मॅडम. केली होती.”

दोन वर्षांनी मुलाचे लग्न ठरले. पहिली पत्रिका देवापुढे ठेवून, दुसरी घेऊन भाऊ निघाले. अमरावतीला बस बदलून मोर्शीला पोचले. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू न करताच माझ्यासमोर बसले.

“बाईनं पुरी वाचली. मंग म्हने, ‘खालची ओळ राह्यली वाटते रे.’”

“मग?”

“सांगून टाकलं. बाई, तवा नजर चुकली नोती. मी तुले मुद्दाम गाळलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हने, ‘मले त्याच दिवशी समजलं. हात धू, जेवाले बस.’”

बाई लग्नाला आल्या नाहीत. गुडघे दुखतात, असा निरोप आला. तो कितपत खरा, हे भाऊंनी विचारले नाही. थंडीत मात्र पेटी आली. त्या दिवशीच्या साऱ्या प्रुफांवर भाऊंच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले. एकही कागद मी बदलून मागितला नाही.

मागच्या वर्षी भाऊ गेले. तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर मुलाने घाईघाईत लिहून आणला. तळाशी सवयीने ती ओळ आलीच होती. खणातली लाल पेन्सिल मी काढली.

“मोर्शीले तू सोता जा,” एवढेच त्याला म्हणाले. माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

तेरवीला बाई काठी टेकत आल्या. कोपऱ्यात बसून त्यांनी पिशवीतली पत्रिका उलगडली, चष्मा लावला. संत्री सोलून पिवळसर झालेले अंगठ्याचे नख एकेका नावावरून सावकाश खाली सरकत गेले. शेवटचे नाव संपले. त्याखालच्या कोऱ्या जागेवरून त्या कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिल्या.