कोरड्या बर्फातल्या बारा नळ्या

विक्रोळीच्या एका औषध कंपनीची ती फिर्याद पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही माझी पाठ सोडत नाही. प्रयोगशाळेतून बारा छोट्या नळ्या चोरीला गेल्या होत्या. आत जिवाणू होते. नफा नाही म्हणून कंपनीने त्यांवर संशोधन करणारा विभाग बंद करून नळ्या नष्ट करायला सांगितलं होतं. संशय तिथल्या शास्त्रज्ञ बाईंवर होता, त्यांच्या घराला कुलूप.

या नळ्या कोरड्या बर्फात, म्हणजे दोन-तीन दिवसांत उडून जाणाऱ्या ड्राय आइसमध्ये ठेवाव्या लागतात, एवढं कळल्यावर मी बर्फवाल्यांकडे चौकशी लावली. घाटकोपरचा एकजण म्हणाला, “एक बाई दर दोन दिवसांनी बर्फ नेते साहेब. ना आइस्क्रीमचं दुकान, ना शूटिंग. मला पण डाउट आला ना.”

बाई जवळच बहिणीकडे सापडल्या. ओट्याखाली थर्माकोलची पेटी होती. ठाण्यात महिला हवालदारासमोर त्यांना बसवलं. मी विचारलं, “कुणाला विकणार होता?”

त्या भडकल्या. “विकायचं असतं तर विभाग बंद झाला तेव्हाच विकलं असतं! साहेब, हा जिवाणू खातो त्यातलं बरंचसं स्वतःच्या वाढीवर घालवतो. मी ते औषधाकडे वळवलं. आता तो कितीतरी पट जास्त अँटिबायोटिक बनवतो. अकरा वर्षं गेली त्यात.” मग आवाज खाली आला. “मला अटक करा. पण पेटीत बर्फ घालत राहा.”

“बघतो,” मी म्हणालो.

पंचनामा झाला, पेटीला लाखेचं सील लागलं. आत बर्फ घालायचा तर सील तोडायला कोर्टाची परवानगी हवी. मी अर्ज लिहिला आणि निवडणुकीच्या बंदोबस्तात अडकलो. मे महिना होता, मुद्देमाल खोलीला पत्र्याचं छप्पर. कारकून एकदा म्हणाला, “साहेब, पेटी आता गार लागत नाही.” मी पुढच्या कागदावर सही केली.

काही आठवड्यांनी कंपनीने तडजोड केली. नळ्या कंपनीला नकोच होत्या. कोर्टाच्या आदेशाने त्या बाईंना मिळाल्या. एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत तपासून बाई ठाण्यात आल्या.

“बहुतेक जिवाणू मेले, साहेब. थोडे जगलेत, पण औषध बनवत नाहीत.”

“पुन्हा करता येईल ना, मॅडम?”

“कुठे? आणि कोण देणार मला अकरा वर्षं?”

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्या तपासाच्या कागदांत एकही चूक नव्हती. वरिष्ठांनी शाबासकीही दिली. जप्त केलेली वस्तू जिवंत असू शकते, हे मात्र मला कुठल्या नियमाने शिकवलं नव्हतं. बाईंनी सांगितलं होतं, साध्या मराठीत. मी ऐकलं, आणि अर्ज टेबलावर ठेवून बंदोबस्ताला गेलो.