साइमीने धुतलेली सतरंजी

साइमीच्या तळ्याचा कायदा एकच: परक्या पाण्यातून आलेली वस्तू आधी सौनात, म्हणजे वाफेने न्हायच्या लाकडी खोलीत, मग तळ्यात. सापळे, बूट, वल्हीसुद्धा. सौनाच्या फळ्यांवर मांडून, चूल पेटवून कडकडीत वाळवायची. पूर्वी एकदा बुरशीची मरी ओल्या सामानातून आली आणि तळ्यातले सगळे क्रेफिश, गोड्या पाण्यातले नांग्यांचे मोठे झिंगे, मरून गेले. तिच्या नवऱ्याने, तौनोने, उरलेलं आयुष्य लांबून जिवंत क्रेफिशच्या टोपल्या आणून तळं पुन्हा भरण्यात घालवलं. भरलं, आणि तो गेला. तेव्हापासून साइमी तळ्याला डोळ्यांत तेल घालून जपत होती.

शेजारचा काउको तिला छळायचा. "साइमी, मी आत्ताच दुसऱ्या तळ्यात डुंबून आलोय. मलाही फळीवर वाळत घालतेस का?"

"तुला वाळवून काय उपयोग? आत नुसती बीअर!" असं ती म्हणायची, पण त्याचे बूट काढून घेतल्याशिवाय त्याला धक्क्यावर येऊ द्यायची नाही.

जुलैत आउने आली. शाळेपासूनची मैत्रीण, नुकतीच विधवा झालेली. नवऱ्याच्या होडीत अंथरलेली चिंध्यांची सतरंजी तिने सोबत आणली होती, अजून ओलसर.

"त्याचा वास येतो गं हिला. धुववत नाही आणि ठेववतही नाही."

उन्हाळ्यात सतरंज्या तळ्याच्या धक्क्यावरच धुवायच्या, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. साइमीने साबण आणला, गुडघे टेकून सतरंजी घासली, पाण्यात खळबळून पिळली. आउने शेजारी बसून पोटभर रडली. सौनाची आठवण कुणालाच झाली नाही.

ऑगस्टमध्ये क्रेफिश भर दुपारी उथळ पाण्यात आले. अंधाराचं जनावर ते, उन्हात ताठ पायांनी लटपटत होतं आणि उताणं पडत होतं. साइमी काठावर बसून राहिली. तौनो दुसऱ्यांदा मेला, असं तिला वाटलं.

गावाने बोट दाखवलं ते काउकोकडे. तळ्या-तळ्यांवर भटकणारा, वर कायद्याची थट्टा करणारा; दुसरं कोण असणार? त्याच आठवड्यात आउनेचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "आमच्या तळ्यातले क्रेफिश तर जूनमध्येच मेले गं. हे गेले, त्या गडबडीत तुला सांगायचंच राहिलं."

साइमीने फोन ठेवला.

दरवर्षीप्रमाणे गाव क्रेफिशच्या जेवणाला जमलं. शेपू होता, पाव होता, मधलं मोठं पातेलं रिकामं. काउकोच्या शेजारची खुर्चीही रिकामी. साइमी जाऊन त्याच खुर्चीत बसली.

"काउकोचा काही दोष नाही. त्याचे बूट मी स्वतः वाळवले होते. मरी सतरंजीतून आली. होडीतली सतरंजी मी धक्क्यावर धुतली, या हातांनी."

"कुणाची सतरंजी?" कुणीतरी विचारलं.

"माझी."

तिच्या घरी होडीतली सतरंजी कधीच नव्हती, हे काउकोला ठाऊक होतं. त्याने तिच्यापुढे पाव सरकवला.

दुसऱ्या दिवशी तो परक्या तळ्यावरून आला आणि कुणी न सांगता त्याने बूट काढून सौनाच्या दाराशी ठेवले. तळ्यात जपायला आता काही उरलं नव्हतं. साइमीने बूट उचलून फळीवर मांडले आणि चूल पेटवली.