चौथा खूर

बोईसरला उतरलो तेव्हा हवेत कारखान्यांचा उग्र वास होता आणि ऊन असूनही आभाळ मळकट दिसत होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "बेटेगाव में किसके यहाँ?"

"भास्कर कातारी," मी म्हणालो. कातारी म्हणजे लाकूड फिरवत ठेवून त्याला गोल घडवणारा कारागीर. रिक्षावाल्याला हे नाव माहीत नव्हतं.

मी कलाशाळेत वस्तूंची घडण शिकवतो. पालघरच्या मित्राकडे भास्करकाकांनी केलेली बाज पाहिली होती. तिच्या खुरांचं (पायांचं) पोट बरोबर मध्यावर नव्हतं, जरा खाली होतं. वर मान बारीक. त्यामुळे एवढी जड बाज जमिनीवर निवांत टेकलेली वाटायची. फोनवर काका म्हणाले होते, "या कवाबी." मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा पुढं ढकललं.

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या.

"मावशी, काका आहेत?"

"उशीर केलात, भाऊ. म्हयना झाला त्यांना जाऊन."

मला तसंच परत फिरावंसं वाटलं. पण त्यांनी बसवून घेतलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. वाढून उठताना त्यांना भिंत धरावी लागली. गुडघे गेले होते. खाली निजवत नाही म्हणून काका त्यांच्यासाठीच बाज करत होते.

पडवीत शिवणीच्या लाकडाचे तीन खूर तयार होते, चौथा अर्धवट, काकांच्या यंत्रावरच अडकवलेला. मी पट्टी काढली. तिन्ही पोटांत भाताच्या दाण्याएवढा फरक निघाला.

"मोजू नका," मावशी म्हणाल्या. "लांबून बघा. त्यांनी कदी मोजलं नाय."

लांबून तिन्ही एकसारखे दिसत होते.

यंत्र म्हणजे दोन खुंटांमध्ये अडकवलेलं लाकूड आणि त्याला गुंडाळलेली दोरी. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची.

"दोरी कोण ओढायचं?"

"मीच. लगीन होऊन आले तवापासून." मग दोरी हातात घेत म्हणाल्या, "तुमाला येतं ना? मी वडते. येवढा पुरा करा."

मला विजेच्या यंत्राची सवय. नाही म्हणायला हवं होतं, पटाशी उचलली. पोट छान उतरलं. मानेपाशी आलो तशी दोरी अचानक मंदावली. त्या दमल्या असं समजून मी पटाशी जोरानं दाबली. लाकूड कट्‌कन मोडलं.

मी दोन्ही तुकडे उचलून जुळवून पाहिले.

"तुमची चूक नाय," त्या म्हणाल्या. "मानेशी आलं की मी दोरी सैल सोडायची, मंग ते हात हलका करायचे. आज बी तशीच सोडली, त्यांच्या हाताला."

"बोईसरहून नवा करून आणतो, मावशी."

"नको. तो या तिगांतला वाटायचा नाय."

त्यांनी तिन्ही खूर भिंतीशी उभे केले आणि भिंत धरत सावकाश जमिनीवर बसल्या.

घरी परतल्यावर त्या खुरांची चित्रं वहीत काढली. खाली 'भास्कर कातारी' लिहिलं. इतकी वर्षं मी वर्गात सांगत आलो होतो की घाट एका हातातून उतरतो. आता शेजारी मावशींचंही नाव लिहायला पेन टेकवलं आणि लक्षात आलं: त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या बाजेचा खूर मोडून आलो, पण त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं.