पाठमोरे मधुकाका

कोणी पासवर्ड टाकू लागलं की मधुकाका पाठ फिरवत. नुसती नजर नव्हे, सगळे काका. केळीवाल्यानं पैसे घ्यायला मोबाइल उघडला तरी ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहत आणि विचारत, "झालं का भाऊ? पलटू?" नेपानगरच्या कागद कारखान्यात त्यांनी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली होती, निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरात आल्यावर ते लोकांच्या वेबसाइट दुरुस्त करू लागले. दोन्हींत फरक एवढाच, म्हणत, की यंत्राला हात लावला तर हात काळे होतात.

आमच्या समाजमंडळाच्या वेबसाइटवर विवाहेच्छूंची यादी होती, फोटो आणि फोन नंबरांसकट. त्या फोल्डरला पासवर्ड लावल्याचा अध्यक्षांनी सोहळा केला होता. नारळ लॅपटॉपच्या टेबलावर फोडला नाही, एवढं भान मात्र राखलं होतं. तरी माझ्या पुतणीला, मनीषाला, भलत्याच लोकांचे फोन येऊ लागले. शाळेतल्या नोकरीसाठी कधीही बोलावणं येणार होतं, त्यामुळे तिला मोबाइल बंदही ठेवता येईना.

"तुझं नाव काढायला सांगतो," मी म्हणालो.

"आणि बाकीच्या पोरी?"

मग आम्ही काकांना घेऊन मंडळात गेलो. अध्यक्षांनी लॅपटॉपवर यादी उघडली. पासवर्ड न विचारताच ती उघडली.

"पाहा! मला विचारत नाही. ओळखतो मला."

"अच्छा," काका म्हणाले. "मनीषा, तुझ्या मोबाइलवर उघड बरं. तू तर अध्यक्ष नाहीस ना?"

तिथंही उघडली.

काकांनी सर्व्हर तपासला. पासवर्डची फाइल होती, 'पासवर्ड विचारा' सांगणारी नियमांची फाइलही जागेवर होती. पण मुख्य सेटिंगमध्येच लिहिलेलं होतं की फोल्डरमधले असले नियम सर्व्हरनं वाचू नयेत. "चौकीदार ठेवला भाऊ, अन् त्यालाच सांगितलं, दरवाज्यावरची पाटी वाचू नको!" त्यांनी एक ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा चालू केला. आता लॅपटॉपवर यादीऐवजी पासवर्ड मागणारी कोरी चौकट आली.

"मलाही विचारतो?"

"तुम्हालाच पहिले विचारलं. मान आहे तुमचा."

अध्यक्षांना पासवर्ड आठवेना. आजवर त्याची गरजच पडली नव्हती.

नवा पासवर्ड मनीषानं ठेवायचा ठरला. काका लगेच भिंतीकडे वळले. अध्यक्ष मात्र मान लांबवून पाहत राहिले, तेव्हा काकांनी त्यांना खांद्याला धरून फिरवलं. दोन ज्येष्ठ गृहस्थ कॅलेंडरसमोर शिक्षा झाल्यासारखे उभे. मनीषाला हसू आवरेना. दोनदा चुकीची बटणं दाबली तिनं.

"ज्यांनी नंबर उतरवून घेतला, त्यांचं मी काही करू शकत नाही बेटा," काका भिंतीलाच म्हणाले. "पण आता नवा कोणी येणार नाही."

फोन कमी होत गेले. पुढच्याच महिन्यात आला तो शाळेचा.

काका आता खंडव्याला मुलीकडे राहतात. परवा त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी म्हणालो, "थांबा काका, जरा लॅपटॉपवर पासवर्ड टाकतो." क्षणात पडद्यावर त्यांचं टक्कल आलं. इतक्या लांबून त्यांना माझी बोटं दिसणार नव्हती, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

"झालं का भाऊ? पलटू?"