तीन बोटांचा फरक

"शब्बीरभाई, परत पडलं."

पद्माबाईंचा फोन. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

मी म्हणालो, "बाई, तुम्ही ताण कमी देता. दोरीवर बोट मारलं तर वाजली पाहिजे."

"वाजवूनच बांधली होती. पडायचं ते पडलंच की."

माझं सोलापुरात होटगी रोडला ताडपत्रीचं शेड आहे. ट्रकच्या मालावर घालायचे हूड, टेम्पोचे पडदे, पावसाळ्यात दुकानांची छपरं. तीस वर्षं हेच करतोय. माझ्या हातचं हूड वाऱ्यात सुटलं असं कुणी म्हटलेलं नाही. आणि इथं एक निवृत्त शाळेच्या बाई मला चौथ्यांदा सांगत होत्या की पडलं.

पडत होतं ते मीच शिवून दिलेलं ऑनिंग. म्हणजे गाडीला लावायचा हलका मांडव. टपाच्या कडेला अॅल्युमिनियमची पन्हळ असते, तिच्यात कापडाची जाड कड सरकवायची. कापडाची दुसरी बाजू दोन फायबरच्या काठ्यांवर उभी करायची. काठ्यांना दोऱ्या, त्यांना तणावे म्हणतात, आणि तणावे जमिनीत मेखा ठोकून बांधायचे. एवढंच. वजन इतकं कमी की एकट्या बाईमाणसानं उचलावं. बाईंना तेच पाहिजे होतं.

त्यांचे मालक नरसय्याअण्णा, जुने मिलमधले विणकर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. बाईंनी जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली, आत पलंग अन् गॅस बसवला, आणि एकसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं. म्हणाल्या, "ह्यांनी आयुष्यभर मागावर बसून भिंत बघितली. आता खिडकी बघू दे."

पण आपल्याकडचं ऊन! थांबलेल्या गाडीचा पत्रा तापला की आत अण्णांचा जीव कासावीस व्हायचा. बाहेर सावली पाहिजेच. पुण्याचा मुलगा श्रीनिवास म्हणाला होता, "आई, मी रविवारी येतो. ऑनिंग तुला एकटीला लावता आलं आणि टिकलं, तर खुशाल फिरा. नाहीतर गाडी विकू." पोरगा वाईट नव्हता, घाबरला होता. आणि आज गुरुवार.

शुक्रवारी गाडी शेडवर आणायला लावली. कड सरकवली, काठ्या लावल्या, मेखा ठोकल्या. दिवसभर ऑनिंग जागचं हललं नाही. मी छाती फुगवून म्हणालो, "बघा! कापड चांगलं, काठ्या चांगल्या. दोष हाताचा आहे."

बाई म्हणाल्या, "उद्या वळसंगच्या माळावर चला. तिथं पडतं. डोळ्यांनी बघा."

शनिवारी गेलो. अण्णा आत पलंगावर बसलेले. बाईंनी माझ्यासमोर सगळं लावलं. खरं सांगतो, एकही चूक नव्हती. उलट जाता जाता मीच दोन तणावे अजून खेचले. मग त्या दारात गेल्या. "लेवंडी," असं तेलुगूत म्हणून अण्णांना उठवलं. "मेल्लगा, मेल्लगा," म्हणत सावकाश पायरीवर आणलं. भारदस्त माणूस. त्यांनी डावा पाय जमिनीवर ठेवला, बाईंनी उजवा उचलून ठेवला, आणि फाटकन् कोपऱ्यातली मेख उडाली. काठी अण्णांच्या खांद्याला घासून खाली आली.

या अल्ला! मी धावत जाऊन काठी उचलली. त्यांना लागलं नव्हतं, पण बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"वारा," मी म्हणालो.

"कुठाय वारा?" बाईंनी विचारलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

मग माती बघितली, मेखा बघितल्या, पन्हळ बघितली. मोठी मेख ठोकली. अण्णा खुर्चीवर बसून डावा हात हलवत होते. तळहात आडवा, वर-खाली, वर-खाली. मी म्हटलं तहान लागली असेल. पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्यांनी मान फिरवली. परत तेच, वर-खाली. मी म्हणालो, "व्हय व्हय अण्णा, झालंच आता."

आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाई म्हणाल्या, "शब्बीरभाई, थांबा जरा. त्यांना काहीतरी सांगायचंय." त्या अण्णांसमोर बसल्या. अण्णांनी गाडीकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडं. तळहात खाली नेला. मग जमिनीकडं बोट केलं आणि तळहात वर उचलला.

बाई उठल्या. गाडीत चढून पायरीवर उभ्या राहिल्या, आणि उतरल्या. मी टपाकडं बघत होतो. गाडी दबली आणि वर आली.

च्यायला! तीस वर्षं मी ट्रक बांधले. ट्रकच्या हूडाच्या दोरीची दोन्ही टोकं ट्रकलाच असतात. ट्रक उड्या मारो, दोरीला फरक पडत नाही. इथं कापडाचं एक टोक गाडीला आणि दुसरं जमिनीला. बाई मांडव घालायच्या तेव्हा अण्णा आत, म्हणजे गाडी दबलेली. अण्णा उतरले की गाडी वर उचलायची आणि मेख उपटायची. शेडवर अण्णा नव्हते, गाडी रिकामी होती, म्हणून माझं सगळं बरोबर! आणि मी जितका ताण वाढवायला सांगत होतो, तितकं ते लवकर पडत होतं.

अण्णांना परत चढवून मी मोजलं. तीन बोटांचा फरक. ज्या माणसानं मागावर जन्मभर ताण सांभाळला, त्याला बसल्या जागी कळलं होतं.

उपाय सोपा निघाला. टायर बदलताना लावतात तसे दोन लोखंडी स्टँड दाराच्या बाजूनं गाडीखाली बसवले आणि त्यांचा स्क्रू फिरवून गाडी जरा उचलून धरली. भार स्प्रिंगवरून स्टँडवर आला, म्हणजे गाडी दबणारही नाही, उठणारही नाही. वर प्रत्येक तणाव्यात सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घातला, थोडं लवायला. स्टँड लावायला बाईंना शिकवलं. दहा वेळा लावून-काढून घेतले. अकराव्यांदा त्या म्हणाल्या, "शब्बीरभाई, पोरांना पाढे मी असेच शिकवले. आता पुरे."

रविवारी श्रीनिवास आला. हाताची घडी घालून उभा राहिला. बाईंनी घाम पुसत एकटीनं सगळं लावलं. अण्णा उतरले. ऑनिंग उभं. श्रीनिवास स्वतः गाडीत चढला आणि पायरीवर दोन उड्या मारल्या. ट्यूब जरा ताणल्या, परत जागेवर आल्या. मेखा हलल्या नाहीत.

"चाचा, पडायचं कारण सापडलं कुणाला?" त्यानं मला विचारलं. खोटं बोलायचा मोह झाला, कशाला नाकारू? पण मी अण्णांकडं बोट केलं.

अण्णा सावलीत बसले होते. त्यांनी पोराकडं बघून डावा तळहात आडवा धरला, आणि अजिबात हलवला नाही. श्रीनिवास खाली बसला आणि तो हात त्यानं दोन्ही हातांत घेतला. गाडी विकायचा विषय परत निघाला नाही.

आता शेडवर कुठलंही ऑनिंग लावलं की मी आधी गाडीत चढतो, उतरतो, मग दुसऱ्याला चढवतो. आणि एक शिकलो. माणूस बोलत नाही म्हणून त्याला तहानच लागली असेल, असं समजू नये.