टिबमावशीचे चौसष्टातले चार

आमच्या 'ग्लीनर' होडीच्या मालकीचे चौसष्ट भाग होते. इथल्या सगळ्याच होड्यांचे असतात. चौसष्टच का, ते मला विचारू नका. सांगणारा कुणी भेटला तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा. एकोणीसशे पंचावन्न साली थोरल्या जॉर्ज फ्लेटने ओकच्या फासळ्या आणि लार्चच्या फळ्या घालून ती बांधून घेतली, तेव्हा त्यातले चार भाग त्याने आपल्या मुलीच्या, टिबच्या, नावावर केले. टिब तेव्हा बावीस वर्षांची. हंगामात बोटांना चिंध्या गुंडाळून धक्क्यावर हेरिंग मासळी साफ करायची आणि उरलेल्या वेळात बापाची जाळी विणायची. चार भाग ही त्या कामाची भरपाई.

पुढे हेरिंग आटली, जॉर्ज गेला. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळंबीवाल्याने बाकीचे साठ भाग घेऊन होडी अकरा वर्षं तिकडे राबवली. त्याच्याकडून ती परत घेतली टिबच्या भावाने, वॉटीने. तो तांडेल झाला, मी इंजिनवर. बारा भाग माझे. मालक बदलत गेले, पण टिबचे, म्हणजे एव्हाना सगळ्या गावाच्या टिबमावशीचे, चार काही हलले नाहीत. पण या चाळीस वर्षांत तिने होडीवर पाऊल ठेवलं नव्हतं. बाईमाणूस चढलं की मासळी पळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती जाळी शिवून धक्क्यावरच द्यायची आणि टेकडीवरच्या आपल्या खिडकीत बसून आमची वाट बघायची.

मग मासेमारी कमी करायला सरकारची योजना आली. लाकडी होडी फोडून टाका आणि पैसे घेऊन घरी बसा. फक्त सगळ्या मालकांच्या सह्या हव्यात, शुक्रवारच्या आत. वॉटी कागद घेऊन बहिणीच्या स्वयंपाकघरात गेला. मीही होतो.

"इथे सही कर, टिब."

"फोडणार तिला?"

"माझे गुडघे गेलेत. पोरं शहरात. कोण चालवणार?"

"करते सही. पण आधी मला एकदा समुद्रावर ने."

वॉटीला चहाचा ठसका लागला. "वेड लागलंय का तुला? बाबांनी आईलासुद्धा कधी चढू दिलं नाही!"

"मग माझे चार भाग कुठले ते दाखव. नांगराकडचे की इंजिनाकडचे? तेवढ्यावरच बसेन. तुझ्या भागावर पाय पडणार नाही, शप्पथ."

मी हसलो, तर वॉटीने माझ्याकडे असं पाहिलं की हसू गिळावं लागलं.

दोन दिवस भाऊबहीण बोलत नव्हते. बुधवारी पहाटे मावशी नवऱ्याचे जुने गमबूट घालून धक्क्यावर हजर. वॉटीने आकाशाकडे पाहिलं, मग गुपचूप हात पुढे केला.

"तोंड मात्र सांभाळ," तो म्हणाला.

अर्ध्या तासात तिने डबा उघडला. "डुकराचं मांस घातलंय सँडविचमध्ये. कोण घेणार?"

समुद्रावर त्या जनावराचं नाव काढायचं नसतं. चुकून कुणी काढलंच तर थंड लोखंडाला हात लावायचा. मी जाळं ओढायच्या लोखंडी यारीला मिठी मारली. वॉटीच्या हाताशी फक्त शेगडी होती, आणि ती पेटलेली. त्याची किंकाळी नॉर्वेपर्यंत गेली असेल.

"आता मासळी दिसते का बघ!" बोटं पाण्यात बुडवत तो ओरडला.

जाळं टाकलं, ओढलं. मासळी पळाली नव्हती. ढीगभर आली असंही नाही. रोज जेवढी यायची तेवढीच आली. मावशी पेट्यांकडे बघत राहिली.

"वॉटी, म्हणजे चाळीस वर्षं मला उगाच घरी बसवलंत?"

 वॉटी सुकाणूवरून बाजूला झाला आणि त्याने तिचे हात धरून तिथे ठेवले. परतीच्या वाटेवर गाव तिने पहिल्यांदाच समुद्राकडून पाहिलं.

"ती बारकी खिडकी माझी? एवढ्या लांबून काय दिसत असणार तुम्हाला!"

"तू दिसायचीस," वॉटी म्हणाला. "तू दिसलीस की घर आलं."

ती रडली. उघड, नाक शिंकरत रडली, आणि होडी मात्र सरळ नेली. मला इतका आनंद झाला होता की मी खाली जाऊन उगाचच इंजिन पुसत बसलो.

धक्क्याला लागल्यावर तिने हात पुढे केला. "आण तो कागद. शब्द दिलाय मी."

वॉटीने खिशातून कागद काढला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि परत खिशात टाकला.

"घरी जा, लवकर झोप," तो म्हणाला. "उद्या पाचला निघायचंय."